खड्डा सर्वांचा, टॅक्स शेजाऱ्याचा

जरीपटक्यात दोन माणसांचं भांडण व्हायला कारण लागत नाही, पार्किंग लागतं. आमच्या इमारतीत फ्लॅट बारा, गाड्या चौदा आणि उभ्या करायला जागा नऊ. त्यामुळे भांडणांचा पुरवठा बाराही महिने सुरळीत असतो. पण डिसेंबरात जे भांडण झालं, त्याची पातळीच निराळी होती. त्यात कायदा आला, अर्थसंकल्प आला, न्यूझीलंड आलं, आणि माझ्या सासूबाईंचं वजनही आलं.

झालं असं, की गेटपासून लिफ्टपर्यंतचा आमचा गट्टूंचा रस्ता पावसाळ्यात बसला. मधोमध असा खड्डा पडला की पेपरवाला सायकल खांद्यावर घेऊन आत येऊ लागला. ठेकेदाराने येऊन पाहिलं, ‘चक् चक्’ केलं, आणि ऐंशी हजार सांगितले. (ठेकेदार गप्प राहिला असता तर साठ सांगितले असते. ‘चक् चक्’चे वीस.) आता डिसेंबर म्हणजे नागपुरात हिवाळी अधिवेशनाचा महिना. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सचे रस्ते असे गुळगुळीत होतात की त्यांच्यावरून चालताना चप्पल काढावीशी वाटते. पण ते डांबर इंदोरा चौक ओलांडून आमच्या गेटात कधी आलं नाही. आमचा खर्च आमच्याच बोडक्यावर.

सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. आमचे सेक्रेटरी सरकारी लेखा खात्यातून निवृत्त झाले. खात्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी खात्याला सोडलं नाही. ते अजूनही भाजीवाल्याला आधी पावती मागतात.

“मेंटेनन्समधून हे काही होत नाही जी,” ते म्हणाले. “ज्यांच्या गाड्या, त्यांनी रस्ता करावा. सोसायटीचा रोड टॅक्स लावू.”

हे तत्त्व सगळ्यांना एका दमात पटलं. तत्त्व पटायला कधीच वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पुढच्या वाक्याला, आणि ते वाक्य दुसऱ्या मजल्यावरून आलं : “ठीक है भाऊ, पण हिशोब कसा?”

बोलणारे होते साई. फाळणीनंतर सिंधमधून येऊन जरीपटक्यात वसलेल्या घरांपैकी त्यांचं घर. बाजारात कापडाचं दुकान, बोलणं मराठी-हिंदी-सिंधीचं कॉकटेल, आणि नवी कोरी पंचवीस लाखांची हायब्रिड. कापडाच्या माणसाला हिशोबाआधी माप लागतं.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. “सरकार कसा लावते, तसाच लावू. किमतीवर.” मग त्यांनी महाराष्ट्राचे दर असे म्हणून दाखवले की समोर बसलेल्यांनी अभावितपणे हात जोडले. खासगी पेट्रोल गाडी दहा लाखांपर्यंत असेल तर 11 टक्के, दहा ते वीस लाखांत 12, त्याच्या वर 13. डिझेलला याच्यावर आणखी दोन टक्के. सीएनजीला 7, 8, 9 असे होते, ते 1 जुलै 2025 पासून एकेक टक्क्याने चढले. आणि विजेच्या गाडीला? सेक्रेटरी क्षणभर थांबले. “निरंक.”

म्हणजे नाव रोड टॅक्स, पण तो घेताना सरकार रस्त्याकडे बघत नाही, खिशाकडे बघते. मी मात्र या पद्धतीला जोरात पाठिंबा दिला. माझ्या पेट्रोल गाडीने पंधरा वर्षांची वेस कधीच ओलांडली आहे. पर्यावरण कर भरून ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर राहण्याची परवानगी घेऊन आहे. कोपऱ्यावरचा भंगारवाला तिच्याकडे ज्या मायेने बघतो, त्या मायेने तिच्याकडे घरातलं कुणीही बघत नाही. तिची आजची किंमत धरली तर माझ्या वाट्याला गट्टूही आला नसता, गट्टूचा कोपरा आला असता.

“किंमत नाही चालणार,” साई म्हणाले. “पंचवीस लाखांवर तेरा टक्के, सव्वातीन लाख मी सरकारला देऊन आलो. वर तो पोरगा बघा, झीरो!”

तो पोरगा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा ईव्हीवाला. मिहानमध्ये नोकरी, हिरवी नंबर प्लेट, आणि चेहऱ्यावर पृथ्वी वाचवून नुकताच घरी आल्याचा थकवा. त्याच्या गाडीला मोटार वाहन कर माफ. धोरणात समृद्धी महामार्गावरचा टोलही माफ असल्याचं वाचल्यापासून तो काही काम नसताना समृद्धीवर जाऊन येतो. न भरलेल्या टोलचं समाधान घेऊन परततो आणि मग रात्रभर गाडी चार्जिंगला लावतो.

“काका, धोरण आहे ते. 2030 पर्यंत,” तो म्हणाला.

“धोरण मलाही पाहिजे. माझी गाडीपण बिजलीवर चालते.”

“अर्धी.”

“हळू चालवली तर पूर्ण! हे गेट, ही लिफ्ट. इथे कोण साठच्या स्पीडने जाते? गेटच्या आत माझं इंजिन चालूच नाही होत, फक्त बॅटरी. पेट्रोल सुरू होते बाहेर, रिंग रोडला. म्हणून सोसायटीने मला ईव्ही धरावं.”

सभा गार पडली. एका माणसाने आपल्या गाडीची जात गेटवर बदलून दाखवली होती आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक काढता येत नव्हती. सेक्रेटरींनी वहीत ‘हायब्रिड : गेटच्या आत वीज, बाहेर पेट्रोल’ अशी नोंद केली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

“पण तुमची वीज येते पेट्रोलमधूनच ना?” ईव्हीवाला म्हणाला. “तुम्ही प्लग कुठे लावता?”

“ब्रेकमधून पण येते! मंगळवारी बाजारातून एकदा येऊन दाखव. इतके ब्रेक लागतात की पूर्ण बिल्डिंगचा लिफ्ट चालेल. आणि तुझी बिजली कुठून येते? गच्चीवर जा. कोराडीची चिमणी दिसते ती बघ. धूर आमचा, ग्रीन प्लेट तुझी!”

इथे मला राहवलं नाही. मी म्हणालो, “धूर सगळ्यांचाच आहे.” त्यावर सगळ्यांनी एकदम माझ्या गाडीकडे पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

आता सेक्रेटरी मूळपदावर आले. त्यांना दाखला सापडला होता. “हे पाहा, असाच गोंधळ सरकारचाही झाला होता.” 10 मार्च 2025 रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडताना तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना सहा टक्के कर सुचवला होता. तीस लाखांची गाडी घेणाऱ्याला सहा टक्के म्हणजे एक लाख ऐंशी हजार. आणि 26 मार्चला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं की हा कर लावणार नाही. सोळा दिवस! आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण बदलायला याहून जास्त दिवस लागले होते. आमच्या ईव्हीवाल्याची गाडी तीस लाखांच्या जवळपासही जात नाही. पण त्या सोळा दिवसांत तो जिन्यात भेटेल त्याला श्रीमंत ईव्हीवाल्यांवरच्या अन्यायाबद्दल इतका कळवळून सांगत होता की वॉचमन त्याला सलाम ठोकू लागला. कर गेला, सलाम राहिला.

“मग उत्तर प्रदेशचं बघा,” साईंनी मोबाइल पुढे केला. जुलै 2024 मध्ये तिथल्या सरकारने स्ट्राँग हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर पूर्ण माफ केला. “माझी मावसबहीण लखनौला आहे. तिच्या पत्त्यावर गाडी घेतली असती तर?”

“बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवली की नंबर इथला घ्यावा लागते जी,” सेक्रेटरी म्हणाले. “आणि टॅक्सही इथला.”

“तर अकरा महिने इथे, एक महिना मावसबहिणीकडे.”

“आणि तुम्ही कुठे?” साईंच्या मिसेसनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. लखनौचा विषय तिथेच संपला.

तेवढ्यात सीएनजीवाले सर उठले. ते तळमजल्यावर शिकवण्या घेतात, त्यामुळे कुठल्याही वादात ते तिसरा पर्याय लिहायला सांगतात. “किंमत सोडा, इंधन सोडा. रस्ता कशाने खचतो? वजनाने. वजनावर कर लावा.” सर सडपातळ, त्यांची गाडी त्यांच्याहून सडपातळ. ईव्हीवाल्याचा चेहरा उतरला, कारण बॅटरीमुळे त्याची गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलोंनी भारी. “बॅटरी वजनात धरायची नाही, ते इंधन आहे,” असा त्याने एक क्षीण प्रयत्न केला. “मग माझ्या वजनात बॅटरी काढा, टंकीपण काढा,” असं साई म्हणाले. दोन्ही काढल्यावर हायब्रिडमध्ये काय उरतं, याचा हिशोब कुणाला जमला नाही.

ठरलं, की प्रत्येकाने कामठी रोडच्या बाजूला जाऊन धरमकाट्यावर गाडी तोलून पावती आणायची.

हा निर्णय माझ्या घरी कळला तेव्हा आम्ही सासूबाईंना घेऊन एका लग्नाला निघालो होतो. वाटेतच काटा आहे तर काम उरकून टाकावं, म्हणून मी गाडी आत घातली. मागे कोळशाचा ट्रक, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. मी लोखंडी फळीवर गाडी चढवली. ती एकदा कण्हली. (गाडी.) खिडकीतला माणूस ओरडला, “खाली की भरी?”

माझ्या शेजारी बायको, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर आहेराचं पातेलं. मी म्हणालो, “भरी आहे, पण खालीचं वजन पाहिजे.”

“तो खाली करो ना!”

मी मागे वळून फक्त एवढंच म्हणालो, “आई, जरा दोन मिनिटं उतरता का? वजन करायचंय.” हे वाक्य सुटं घेतलं तर त्यात काहीही वावगं नाही. पण पैठणी नेसून, अंबाडा घालून निघालेल्या सासूबाईंना, तीन ट्रक हॉर्न वाजवत असताना, भर काट्यावर हे म्हणायचं नसतं. त्या उतरल्या नाहीत. बायकोने काच वर केली. ट्रकवाला खाली उतरून माझ्या काचेवर टकटक करू लागला. शेवटी काट्यावाल्याने आहे तसं वजन काढून पावती फाडली. तिच्यात ‘माल’ नावाचा रकाना होता. त्यात त्याने एकदा गाडीत डोकावून पाहिलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘फुटकर’.

ती पावती सासूबाईंच्या हाती लागली. वजनावरच्या करपद्धतीतून मी तत्काळ बाहेर पडलो.

पुढच्या मीटिंगला मीच नवा पर्याय मांडला : जो जेवढं चालवेल, त्याने तेवढं भरावं. हा पर्याय माझ्या भाच्याच्या कृपेने सुचला. तो ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये 1 एप्रिल 2024 पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरवर पैसे लागतात, हजार किलोमीटरला 76 डॉलर. प्लगवाल्या हायब्रिडला निम्मे, 38, कारण ती बिचारी पेट्रोलवरही कर भरते. आणि ज्या हायब्रिडला प्लगच नाही, तिचा कर पेट्रोलच्या पंपावरच वसूल होतो. हे किलोमीटर आधी विकत घ्यायचे, मग चालवायचे. भाचा ईव्ही चालवतो. पूर्वी फोनवर तो “मामा, बॅलन्स संपतोय” म्हणायचा, आता “मामा, किलोमीटर संपतायत” म्हणतो. विलायतेतही नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झालं, की 2028 पासून विजेच्या गाडीला मैलाला तीन पेन्स आणि प्लगवाल्या हायब्रिडला दीड. हायब्रिड म्हटली की जगभरच्या सरकारांचा हात निम्म्यावर जाऊन थांबतो असं दिसतं. फक्त आपल्याकडे तिला अख्खी पेट्रोलची धरतात, हे ऐकल्यावर साईंनी मला भर मीटिंगमध्ये चहा पाजला.

आमच्याकडे किलोमीटर मोजायचे कसे? वॉचमनच्या रजिस्टरवर. आत आली, बाहेर गेली, एक फेरी. दहा फेऱ्यांना अमुक एक रक्कम. वॉचमन बालाघाटचा, प्रामाणिक, पण त्याची खुर्ची गेटकडे पाठ करून असते, कारण समोरून थंडी लागते. तो गाडी बघून नव्हे, आवाजावरून नोंद करतो. महिनाअखेर रजिस्टर उघडलं तेव्हा ईव्हीवाल्याच्या फेऱ्या शून्य होत्या. साईंच्या शून्य. त्यांच्या गाड्या गेटातून मांजराच्या पावलांनी आल्या आणि गेल्या. सरांच्या फेऱ्या थोड्या. आणि पानंच्या पानं भरून एकच नंबर होता, जिचा आवाज दयानंद पार्कपासून ऐकू येतो तिचा.

“काहून जी, तुम्ही दिवसभर गाडीच चालवून राहिले का?” सेक्रेटरींनी विचारलं.

खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या नोंदी मी नुसती बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करून ठेवत होतो त्याच्या होत्या. पण जागच्या जागी थरथरण्याला फेरी म्हणावं की नाही, यावर कायदा गप्प होता. दुसऱ्या दिवसापासून मी गेटाच्या बाहेर इंजिन बंद करून गाडी ढकलत आत आणू लागलो. बायको स्टीअरिंगवर. हे पाहून सरांनी गाडी बाहेरच लावायला सुरुवात केली, त्यांचं पाहून इतरांनी. आठवड्याभरात गेटाच्या आतलं पार्किंग मोकळं आणि बाहेरच्या गल्लीत अशी कोंडी, की समोरच्या किराणावाल्याने आमच्यावर स्वतःचा वेगळा कर बसवला : उभ्या गाडीमागे एक किलो साखर घेणे सक्तीचे.

तिसऱ्या मीटिंगला ईव्हीवाला तयारीने आला होता. लॅपटॉप उघडून म्हणाला, “सगळे चुकतायत. आपल्या कारने रस्ता खराब होतच नाही.” मग त्याने सांगितलं, की अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले होते. त्यातून निघालं ते असं : ॲक्सलवर दुप्पट वजन आलं तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, साधारण सोळापट होते. दहापट वजन आलं तर दहा हजारपट.

“1958?” सेक्रेटरींचे डोळे चमकले. “आपला मोटार वाहन कर कायदाही 1958 चाच!” या योगायोगाचा त्यांना इतका आनंद झाला की बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकलं. काकूंकडे गाडी नाही, त्यामुळे त्या प्रत्येक मीटिंगला स्वेटर विणत बसून असतात आणि टॅक्सच्या बाजूने मत देतात.

“दहा हजारपट?” काकू म्हणाल्या. “म्हणजे मग तो टँकर.”

सगळे गप्प. मे महिन्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो. दिवसाआड, कधी रोज. दहा हजार लिटर पोटात घेऊन तो याच गट्टूंवरून डुलत डुलत टाकीपर्यंत जातो. खड्डा नेमका तिथेच, जिथे त्याचं मागचं चाक वळतं. पेट्रोल, सीएनजी, हायब्रिड, इलेक्ट्रिक, सगळ्या एकदम निर्दोष सुटल्या. साई आणि ईव्हीवाल्याने एकमेकांना टाळी दिली. मी माझ्या गाडीकडे अभिमानाने पाहिलं. तिच्या खाली तेलाचा एक थेंब पडला.

“मग टँकरवाल्याकडून घ्या ऐंशी हजार,” सर म्हणाले.

“त्याले कोण बोलावते?” काकूंची सुई थांबली नाही. “ज्याले पाणी जास्त लागते तो. मे महिन्यात पाणी कोण पिते? कूलर पिते. ज्याच्या घरी कूलर जास्त, त्याने रस्ता करावा.”

हे तत्त्वही सगळ्यांना एका दमात पटलं. सेक्रेटरींनी वहीचं नवं पान उघडलं, पट्टीने रेघ मारली, वर ‘कूलर’ असं लिहिलं आणि फ्लॅट क्रमांकाप्रमाणे विचारायला सुरुवात केली. सरांनी एक सांगितला, लहानवाला. मी ‘आहे, पण त्याची मोटर जळलेली आहे’ असं सांगितलं. ईव्हीवाला म्हणाला त्याचा कूलर सोलरवर चालतो, तो धरू नये. मग सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर आले.

“साई, तुमच्याकडे किती?”

साईंनी गळ्यातला मफलर नीट केला. “माझ्याकडे दिवसा कूलर असतो, रात्री एसी. हायब्रिड लिहा. निम्मा.”